अनुवाद करायला घेतला आणि ‘औदुंबर’ पहिल्यापासून वाचावा लागला

तुझा प्रश्न मला कळला तो असा, की एमएला असताना तू मराठी कवितांचे इंग्रजी अनुवाद करायला लागलीस आणि आता कुठलीही कविता समोर आली की डोक्यात लगेच "ह्याला इंग्रजीत काय म्हणू" हे चालू होतं, नुसतं वाचणं होतच नाही, तर अनुवादाने वाचणं सुधारतं की बिघडतं. ताई म्हणून विचारलंस म्हणून अगंतुगं करते, चालेल ना. मी हे काम बावीस-तेवीस वर्षं करतेय, जास्त करून मराठीतून इंग्रजीत आणि थोडं इंग्रजीतून मराठीत. माझ्या बाबतीत दोन्ही झालं, सुधारलंही आणि बिघडलंही, आणि बिघडलेलं लक्षात यायला बरीच वर्षं गेली. दोन्ही सांगते, पण एका कवितेला धरून सांगते, नाहीतर हे बोलणं हवेतच राहतं.

बालकवींची ‘औदुंबर’. मला शाळेत होती, पाठ होती, घरी पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावायचे. आठच ओळी आहेत, समोर असलेल्या बऱ्या:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

अनुवादाला घेतली तेव्हा मला वाटलं होतं दोन तासांचं काम आहे. चित्र तर आहे, झरा, गाव, शेतं, वाट, डोह, झाड, ओळीने शब्द मांडले की झालं. पहिल्याच ओळीत अडले. ऐल तट म्हणजे अलीकडचा, पैल म्हणजे पलीकडचा, बरोबर, पण अलीकडचा म्हणजे कुणाच्या अलीकडचा? इंग्रजीत "ह्या काठावर" म्हटलं की वाचक लगेच विचारणार की बोलणारा कुठे उभा आहे, आणि मी तीस वर्षं पाठ असलेल्या कवितेत बोलणारा कुठे उभा आहे हे कधी बघितलंच नव्हतं. मग शोधायला लागले तर कवितेत माणूसच नाही! "मी" नाही, "मला दिसतं" नाही, शेतात कुणी राबत नाही, घरं आहेत पण धूर नाही, वाटेवर कुणी चालत नाही. वाटच चालते आणि झाड पाय टाकून बसतं. म्हणजे माणसाच्या सगळ्या क्रिया आहेत आणि माणूस तेवढा काढून टाकलाय. हे मला मराठीत वाचून कधीच दिसलं नसतं, कारण मराठी वाक्य कर्त्याशिवाय मजेत उभं राहतं, इंग्रजी वाक्य सारखं "कोण? कोण?" विचारत राहतं, आणि त्या विचारण्याला कंटाळूनच मी कवितेत माणूस शोधायला गेले होते.

माझं एवढ्या वर्षांनंतरचं मत सांगते. कविता काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवते, आणि आपल्याच भाषेत वाचताना आपण त्या जागांवरून सहज पुढे जातो, थांबायची गरजच पडत नाही. अनुवाद करताना प्रत्येक मोकळ्या जागेपाशी दुसरी भाषा हात धरून थांबवते आणि म्हणते, आधी ठरव. आपण ठरवतो, नाइलाज असतो, पण ठरवताना कळतं की कवीने हे ठरवलेलं नव्हतं. मला अनुवादाने वाचायला शिकवलं ते एवढंच, की कुठे ठरवलेलं नाहीये ते ओळखायचं.

‘औदुंबर’मध्ये अशा जागा किती आहेत बघ. "बेटाबेटांतुन" मधलं बेट म्हणजे पाण्यातलं बेट की बांबूचं बेट म्हणतो तसं झाडांचं बेट? मराठीत दोन्ही एकाच शब्दात गुण्यागोविंदाने राहतात, इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत आणि एकच घेता येतो. "झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर" ह्यात पसरतंय कोण? काळिमा स्वतः पसरतोय, की पुढच्या ओळीतला औदुंबर लाटांवर काळिमा पसरतोय? मी लहानपणापासून पहिलं धरून चालले होते. कच्चा खर्डा करताना कर्ता आधी लिहायचा म्हणून थांबले आणि दुसरी शक्यता दिसली, आणि मग रात्रभर तेच डोक्यात, कारण दुसरी शक्यता धरली तर ते झाड काही निवांत बसलेलं नाही, ते पाणी झाकोळून टाकतंय.

आणि "पाय टाकुनी". आपण बोलताना पाण्यात पाय सोडून बसलो असं म्हणतो. सोडून म्हटलं की निवांतपणा आला, सुट्टीच्या दिवशी नदीवर गेल्यासारखा. टाकून म्हटलं की थोडं जड होतं, थकलेलं, "अंग टाकलं" म्हणतो त्यातलं टाकणं. आता इंग्रजीत जो शब्द घेशील त्यावर अख्ख्या कवितेचा मूड ठरतो. पाय हलवत बसलेल्या लहान मुलाचा शब्द घेतलास तर ती आनंदाची कविता झाली, बुडवलेल्या वजनाचा घेतलास तर उदास. मराठीत ह्या कवितेवर केवढी चर्चा झालीये, आनंदाची का विषादाची का मृत्यूची, आणि मला कॉलेजात ती चर्चा पोकळ वाटायची, आठ ओळींवर एवढं काय भांडायचं. खर्ड्यात एका क्रियापदापाशी चार दिवस अडकल्यावर कळलं की त्या लोकांना खरंच काहीतरी दिसलं होतं. "गोड काळिमा" म्हणून कवीने गोड आणि काळं एकत्र बांधूनच ठेवलंय, त्याला ते सोडवायचंच नव्हतं.

(बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचे, १८९० चा जन्म आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, सत्तावीस वर्षांचे होते. ह्या मृत्यूची सावली लोक ‘औदुंबर’वर पाडतात, मी पाडत नाही. डोहाचं काळेपण कवितेतच पुरेसं आहे, त्याला बाहेरून रेल्वे आणायची गरज नाही. हे माझं मत.)

झाडाच्या नावाचं काय करायचं हा वेगळाच त्रास. इंग्रजीत त्याला क्लस्टर फिग म्हणतात, शास्त्रीय नाव फायकस रेसिमोसा. ते लिहिलं की कविता संपली, नर्सरीचा कॅटलॉग झाला. पण तो शब्द घेता येत नाही म्हणून मी पहिल्यांदा विचार केला की कवीने "उंबर" का नाही लिहिलं. झाड तेच. उंबर म्हटलं की परसातलं, खाली फळांचा सडा आणि किडे, औदुंबर म्हटलं की पार, दत्त, प्रदक्षिणा, ओलं सोवळं. देवाचं नाव न घेता एका शब्दात देऊळ आणलंय आणि त्या देवळाला पाय पाण्यात टाकून बसवलंय. मी शेवटी औदुंबर तसाच ठेवला, खाली टीप पण दिली नाही, संपादकांनी दोनदा मागितली तरी.

एक गोष्ट मात्र मला चौथ्या-पाचव्या खर्ड्यानंतर सापडली आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्रजी ओळी नीट चालत नव्हत्या म्हणून मूळ ओळी कशा चालतात ते बघायला मी मात्रा मोजायला बसले, शाळेत मोजायचो तशा, आखूड अक्षराची एक, लांब अक्षराची दोन, बोटांवर. प्रत्येक ओळ आठ, आठ, अकरा अशी पडते (काही ओळींत शेवटचं अक्षर लांबवावं लागतं, ते आपण म्हणताना आपोआप करतो). ऐल तटावर, आठ. पैल तटावर, आठ. निळासांवळा, आठ. झरा वाहतो, आठ. चार घरांचे, गाव चिमुकले. शेतमळ्यांची, दाट लागली. आठ मात्रा झाल्या की शब्दही संपतो, पाय अगदी पायरीवर पडतो. आणि मग पायवाटेच्या ओळी येतात. "पायवाट पां" इथे आठ संपल्या, "ढरी तयांतुनि" पुढच्या आठ. शब्द मधेच तुटला! त्याच्या पुढची ओळ, "हिरव्या कुरणा" आठ, "मधुनि चालली" आठ, परत शब्दाच्या पोटात यती, म्हणजे ओळीतला थांबा. आणि वाट डोहाशी पोचली की लगेच "झाकळुनी जळ", "गोड काळिमा", परत सगळं सरळ. म्हणजे आठ ओळींत फक्त दोन ओळी पायरी चुकवतात आणि त्या दोन म्हणजे नेमक्या "अडवी तिडवी" वाटेच्या. वाट अशी चालते हे कवीने नुसतं सांगितलं नाहीये, तिला तसं चालवलंय. त्याने हे मोजून केलं का कानाने झालं मला माहीत नाही आणि मला फरक पडत नाही. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या देत "पायवाट पां, ढरी तयांतुनि" म्हणत होते, डोळ्यात पाणी आलं होतं खरंच. लहानपणी शंभर वेळा म्हटलेली कविता, कानाला हे सगळं माहीत असणार, पण मला माहीत नव्हतं. इंग्रजीत मी ते आणू शकले नाही, दोन ओळी थोड्या अडखळत्या केल्या एवढंच. पण आता कुठलीही कविता वाचताना मी पायरी कुठे चुकते ते ऐकते, ही सवय त्या रात्रीची.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, मराठी काय काय विचारते ते दिसतं आणि ते कमी नाहीये. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची एक छोटी कविता आहे, "आय अ‍ॅम नोबडी! हू आर यू?" अशी सुरू होते. एकदम सोपी वाटते ना, मी कुणीच नाही, तू कोण. पण तू का तुम्ही? अनोळखी माणसाला आपण एकदम तू म्हणत नाही, आणि तुम्ही म्हटलं तर त्या कवितेतलं कानात कुजबुजणं गेलं. पुढे ती म्हणते की तूही कुणी नाहीस ना, मग आपण जोडी झालो. इथे इंग्रजीत "अस" (us) आहे आणि मराठीत आपण आणि आम्ही असे दोन शब्द आहेत, समोरच्याला आत घेणारा आणि बाहेर ठेवणारा. अर्थात आपणच घ्यायचा, पण घेताना लक्षात आलं की ही अख्खी कविता म्हणजे "मी" आणि "तू" पासून "आपण" पर्यंतचा प्रवास आहे, आणि तो शब्द तिच्या भाषेत नसताना तिने तो केलाय. नंतर "आपण दोघं" का "आपण दोघी"? इंग्रजीत ठरवायचं कारणच नाही. मी दोघी केलं, तीन महिन्यांनी दोघं केलं, परत दोघी केलं. अजून त्यावर समाधान नाही. शिवाय त्याच कवितेच्या छापील पाठात फरक आहे, डिकिन्सन गेल्यानंतर १८९१ मध्ये कविता छापली तेव्हा "ते आपल्याला हाकलून देतील" अशा अर्थाची ओळ होती, आणि पुढे हस्तलिखितावरून छापलेल्या पाठात "ते जाहिरात करतील" आहे. नुसतं वाचणारा हातात आलेलं पुस्तक वाचतो. अनुवाद करणाऱ्याला कुठलं पुस्तक, कुठला पाठ, हे विचारावंच लागतं, म्हणून तूही कविता व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून अनुवाद करू नकोस, मराठी कविता तर तिथे फार मोडून फिरतात.

बहिणाबाईंबद्दल थोडंसंच. "मियते भाकर" हे वाचताना माझ्यासारखी पुण्यात वाढलेली बाई मनात "मिळते भाकर" करूनच पुढे जाते. इंग्रजीत न्यायला बसले तेव्हा कळलं की मी मूळ वाचतच नाहीये, आधीच एक अनुवाद वाचतेय, लेवा बोलीचा प्रमाण मराठीत, आणि तो इतका पटकन होतो की झालेला कळतही नाही. त्यानंतर मी जळगावकडच्या एका मैत्रिणीकडून त्या ओव्या फोनवर ऐकल्या आणि रेकॉर्ड करून ठेवल्या. जुनं मराठी वाचतानाही हेच होतं, विंदा करंदीकरांनी ‘अमृतानुभवा’चं अर्वाचीनीकरण केलं ते १९८१ मध्ये उघडपणे, पुस्तक करून, आपण सगळे ज्ञानेश्वर वाचताना ते चोरून करत असतो.

आता बिघडलेलं सांगते, कारण तुझी भीती खरी आहे.

एक म्हणजे जो शब्द तू इंग्रजीत निवडतेस तो हळूहळू मूळ शब्दावर जाऊन बसतो. "हिरवी गर्दी" ह्यातल्या गर्दीचं मी पहिल्या खर्ड्यात "दाट हिरवी शेतं" अशा अर्थाचं काहीतरी गुळगुळीत करून टाकलं होतं. गर्दी हा बाजाराचा, जत्रेचा, लोकलचा शब्द आहे, माणूस नसलेल्या कवितेत शेतांनी गर्दी केलीये, केवढी मोठी गोष्ट, आणि मी ती पुसली. वाईट हे की नंतर वर्षभर मूळ कविता म्हणतानाही त्या शब्दावर मला काही वाटायचं नाही, माझ्याच गुळगुळीत ओळीने तो शब्द मारला होता. खर्डा दुरुस्त केला तेव्हा कुठे तो परत जिवंत झाला. म्हणून चुकीचा अनुवाद मला फक्त इंग्रजी वाचकाचं नुकसान वाटत नाही, तो आधी आपलं स्वतःचं वाचणं खराब करतो.

दुसरं जास्त गंभीर आहे. आवड वाकडी होते. प्रतिमा दुसऱ्या भाषेत बऱ्यापैकी जातात, नाद जात नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षांत मला नकळत प्रतिमांच्या कविता "चांगल्या" वाटायला लागल्या आणि गाण्यासारख्या कविता "पातळ". भा. रा. तांबे मी जवळजवळ सोडून दिले होते, लावणी-ओवीकडे बघतच नव्हते. हे मला स्वतःला कळलं नाही. चाळीसेक कवितांची निवड करून मी एका ज्येष्ठ कवयित्रीबाईंना दाखवली, त्यांनी यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, "ह्यातली गुणगुणता येईल अशी एक तरी आहे का गं?" एक होती. चाळीसमध्ये एक! म्हणजे मी मराठी कविता निवडतच नव्हते, इंग्रजीत सोपी जाणारी मराठी कविता निवडत होते आणि तिलाच उत्तम म्हणत होते. तेव्हा मला फार लाज वाटली. त्यानंतर मी एक नियम पाळते, जी कविता मी कधीच अनुवाद करणार नाही अशी एक कविता दर आठवड्याला मोठ्याने वाचते, तांबे, शाहिरांची लावणी, आजीची जात्यावरची ओवी, काहीही. तिच्या बाबतीत डोक्यातलं "इंग्रजीत काय म्हणू" आपोआप बंद राहतं कारण उत्तर आधीच माहीत असतं, काहीच म्हणायचं नाहीये. तू हे करून बघ, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे असलेला हाच सगळ्यात कामाचा उपाय आहे.

अजून एक करते. कविता पाठ झाल्याशिवाय खर्ड्याला हात लावत नाही. वहीत डाव्या पानावर फक्त अडलेल्या जागा लिहिते, म्हणजे शब्द आणि पुढे "दोन अर्थ", "कर्ता कोण", "हा शब्द कुठल्या घरातला", एवढंच, आणि उजव्या पानावर खर्डे. छापून झालं की उजवी पानं मी परत बघत नाही पण डावी बघते. माझ्या जुन्या वह्यांतली डावी पानं हेच माझं खरं कवितावाचन आहे, अनुवाद त्यातून पडलेला. आणि तुला कुणी अनुवाद न करता नुसतं डावं पान लिहायला सांगितलं तर तसंही जमेल का? मी प्रयत्न केलाय, मला नाही जमलं. ठरवायची वेळ खरंच आल्याशिवाय मन थांबतच नाही, पुढे पळतं. तेव्हा खर्डा वाईट झाला, फेकून दिला तरी चालेल, पण करायला हवा.

"असला औदुंबर" मधल्या "असला"चं मी अजून काही करू शकलेले नाही. "असा" असतं तर सोपं होतं. असला मध्ये आज बोलताना थोडी कुरकुर येते, असला कसला माणूस, तशी, शंभर वर्षांपूर्वी ती तेवढी असेलच असं नाही, शिवाय "बसला असला" हे दोन शब्द शेजारी आले की कान क्षणभर "बसला असला तर" कडे जातो आणि परत येतो. पहिल्या छापील पाठात मी तो शब्द सरळ गाळला. दुसऱ्यात "असा" च्या अर्थाचा घातला. मागच्या दिवाळीत भाचीला कविता म्हणून दाखवत होते, नऊ वर्षांची आहे, शेवटच्या ओळीला तिने मला थांबवलं आणि विचारलं, "मावशी, असला म्हणजे कसला?" मी सांगायला गेले आणि सांगता येईना, म्हणून परत "ऐल तटावर" पासून सुरुवात केली, ह्या वेळी जरा सावकाश.